मिनिटाला वीस थेंब

माझ्या सिडकोतल्या गच्चीवर एकवीस क्रेट आहेत,
द्राक्षांचे. कड तुटली म्हणून
पिंपळगावच्या पॅकहाउसनं भंगारात काढलेले.
तळाशी उसाचं चिपाड, त्यावर नारळाच्या शेंड्या,
मग शेणखत, मळ्याची माती.
पहिल्याच आठवड्यात पाणी झिरपलं
ते थेट खालच्या वाघचौरे काकूंच्या कुरडयांवर.
अकरा वर्षांत आम्ही तेव्हा पहिल्यांदा बोललो.
भांडलो म्हणा.

माझी रात्रपाळी दहा ते सहा,
आणि चैत्रात वांगी पहाटेपर्यंत दम धरत नाहीत.
म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून
सलाईनचे कोरे सेट आणले, रीतसर बिलानं.
"पेशंट कोण?" पोऱ्यानं विचारलं.
म्हटलं, वांगी.
अर्ध्या लिटरची बाटली उलटी टांगली,
चाक फिरवून धार तोडली.
मिनिटाला वीस थेंब, आठ तासांत बाटली रिकामी.
मी वॉर्डात, ती गच्चीत,
दोघींची ड्यूटी एकदमच सुटते.

बाकी मी शिकले ते चुकून.
लसणाची पाकळी टोक वर करूनच लावायची.
कंपोस्टच्या डब्याला वास सुटला
तर झाकण दाबायचं नाही, कोरडा पाला घालायचा.
निफाडचा पारा पेपरात छापून आला
की त्या रात्री टोमॅटोवर जुन्या चादरी,
चारी कोपरे घट्ट खोचून,
जशा मी रोज खोचते.

वालाचं मात्र वेगळं.

सात नंबरच्या बेडवर येवजी भोये होता, सुरगाण्याकडचा.
बायको जिवली, खाली सतरंजीवर.
तिला झोप नव्हती, मला मुभा नव्हती.
तीनच्या सुमाराला ती विचारायची,
"बाय, तुझ्या घरी काय काय लावलं?"
मी क्रेट सांगितले तशी हसली. टोपलीत शेत!
एका रात्री पदराची गाठ सोडून
नऊ दाणे माझ्या हातावर ठेवले,
काळे, प्रत्येकाला पांढरा डोळा.
"राखंत ठेव. नाय तं कीड पोखरील."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती.
परत आले तर सातवर कुणी दुसराच, पाय बांधलेला.
रजिस्टर टेबलावरच होतं.
बघता आलं असतं.

आता राख कुठली आणायची? गॅसवर राख होत नाही.
इस्त्रीवाला रामअवध म्हणाला, "सिस्टर, पोतंभर न्या,"
आणि काय करणार ते विचारलंच नाही.
मला हवी होती वाटीभर.

घाई केली मी. तीन दाणे शिमग्यातच टोचले.
वेल कठड्यावरून डिश अँटेनापर्यंत गेला,
पानंच पानं, फूल एक नाही.
मला वाटलं, खत चुकलं.
मग वाटलं, तिनं काहीतरी सांगायचं ठेवलं.
उरलेले सहा श्रावणात लावले.
हा वाल दिवस लहान होण्याची वाट बघतो.
रात्र लांबली तशी जांभळी फुलं आली,
मागोमाग मावा, मग रिठ्याचं पाणी,
आणि पौषात शेंगा, चपट्या, कडेला जांभळी रेघ.
चार शेंगा मी वेलावरच वाळू दिल्या.
भाजी करवेना असं नाही, केली.
पण त्या चार ठेवल्या.

त्यालाही पाच वर्षं झाली.
बाटलीवर मी चिकटपट्टी लावते,
तारीख, वार, आणि पेशंटचं नाव लिहितात तिथं
जिवली भोये.

काल वाघचौरे काकू जिना चढून आल्या.
त्यांच्या जावयानं क्रेट आणून दिलेत, सहा.
"तो काळा वाल दे गं थोडा."

मी बाटली काढली, हातावर नऊ दाणे मोजले.
मग मूठ मिटली आणि आधी विचारलं,
काकू, घरी राख आहे का?